फॉरवर्ड मागे जात नसतो

माझ्या घरमालकांनी मला पिवळं कार्ड दाखवलं, ते मी त्यांच्या घरात राहायला गेल्यावर तिसऱ्याच दिवशी. मी साताऱ्याची. खामगावच्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली म्हणून इतक्या लांब आले होते आणि या घरमालक काकांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली होती. खाली त्यांची पिठाची चक्की. त्या सकाळी शाळेला उशीर होत होता, म्हणून गव्हाचा माझा डबा मी रांगेतल्या दोन डब्यांच्या पुढे हळूच सरकवला. काकांनी चक्की बंद केली. शर्टाच्या वरच्या खिशातून पुठ्ठ्याचा एक पिवळा तुकडा काढला आणि हात सरळ वर करून माझ्यासमोर धरला. रांगेतल्या एका बाईंनीच मला समजावलं की मॅडम, आता अजून एक मिळालं की लाल, आणि लाल मिळालं की त्या दिवशी दळण नाही.

गावातल्या भल्याभल्यांनी लाल खाल्लेलं होतं. कुणी डब्यावर नाव न घालता निघून गेलं, कुणी ओले गहू आणले, कुणी ज्वारीच्या डब्यात तळाशी मका दडवला. एका बाईंना तर ऐन दिवाळीत हरभऱ्याच्या डाळीवरून लाल कार्ड मिळालं. त्यांचे यजमान रदबदली करायला आले, तर रेफ्रीशी हुज्जत घातल्याबद्दल त्यांनाही पिवळं मिळालं. लोक चिडायचे, पुन्हा येणार नाही म्हणायचे आणि चौथ्या दिवशी डबा घेऊन रांगेत उभे असायचे, कारण काकांसारखं बारीक पीठ त्या भागात दुसऱ्या चक्कीवर मिळत नव्हतं.

गाव त्यांना 'फॉरेन' म्हणायचं. फॉरेन जेवायला गेले, फॉरेनला लाइट आली का विचार, असं. जन्म खामगावचाच, पण लहानपणी मामाकडे कामठीला शिकायला गेले. कामठीत पोराला पुस्तकाच्या आधी फुटबॉल दिसतो, त्यामुळे शिक्षण राहिलं आणि खेळ लागला. मग नागपूर, मग मुंबई आणि शेवटी मालदीव. तिथल्या एका क्लबाकडून पगारावर सात वर्षं सेंटर फॉरवर्ड खेळले, असं ते सांगायचे. मी पाहिले तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते. बुटके, पोट सुटलेलं, पाय किंचित फाकलेले आणि भुवयांवर कायम पीठ. या माणसाला सात वर्षं विमानाचं तिकीट देऊन कुणी नेलं असेल, यावर माझाही चटकन विश्वास बसला नव्हता.

त्यांच्या आयुष्याचा मुख्य नियम एकच होता, फॉरवर्ड मागे जात नसतो. छत्री विसरली तरी मागे जायचं नाही, चष्मा विसरला तरी नाही. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर पाकीट आठवलं तर ते तिथेच थांबायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यातल्या कुणाकडून तरी घरी निरोप पाठवायचे. मग काकू पाकीट घेऊन यायच्या. काकूंना ते मिडफिल्ड म्हणत. "गोल मी मारतो, पण बॉल हे आणते," असं पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगायचे. काकू म्हणायच्या, याले फॉरवर्ड नाही म्हणत, आळशी म्हणतेत.

काकूंचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मैदानातसुद्धा त्यांचा धावण्यावर विश्वास नव्हता. फॉरवर्डने फक्त योग्य जागी उभं राहायचं असतं, असं त्यांचं शास्त्र. लग्नाच्या पंगतीत ते अशा ठिकाणी बसत की गुलाबजामाचं भांडं भरून निघालं की पहिलं त्यांच्यापुढे यायचं. एकदा आम्ही दोघं अमडापूरला निघालो होतो. खामगावच्या स्टँडवर ही गर्दी. मी पदर खोचून गर्दीत शिरले. काका मात्र फलाटापासून वीसेक पावलं लांब, एका मोकळ्या जागी हाताची घडी घालून एकटेच उभे. मला त्यांची कीव आली. बस वळली, गर्दीला टाळून पुढे आली आणि थांबली ती दार बरोबर काकांच्या नाकासमोर घेऊन. ते शांतपणे चढले आणि माझ्यासाठी खिडकीवर रुमाल टाकला. पुढे मी हीच विद्या दोनदा एकटीने करून पाहिली. दोन्ही वेळा बस तिसरीकडेच लागली आणि मी अमडापूरपर्यंत उभी गेले.

मालदीवच्या गोष्टी ते चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून सांगायचे. समुद्र त्यांनी तोवर मुंबईच्या काठावरून पाहिला होता, आणि इथे तर सामन्याला एका बेटावरून दुसऱ्या बेटावर बोटीने जायचं. हा आमचा बुलढाणा जिल्ह्यातला माणूस, ज्याच्या गल्लीत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तो बोटीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून जाताना उलट्या करायचा आणि येताना पुन्हा करायचा. त्यामुळे पहिल्या हाफमध्ये ते सहसा गोल करत नसत. पहिला हाफ समुद्राचा, दुसरा माह्या, असं म्हणायचे. सकाळी मासा, दुपारी मासा, रात्री मासा. भाकरीची आठवण आली की काय करायचे विचारलं, तर म्हणाले, गोल मारायचो.

खामगाव हे सगळं ऐकून घ्यायचं, हसायचं आणि माघारी म्हणायचं की हा तिथे आचारी होता. दुसरा एक पक्ष हॉटेलातला वेटर म्हणायचा. पुरावा काही नव्हता. क्लबाची कागदपत्रं एका एजंटाने आखाती देशात खेळायला पाठवतो म्हणून नेली, ती एजंटासकट गेली. उरलं होतं एक वर्तमानपत्राचं कात्रण. ते काचेच्या चौकटीत चक्कीच्या भिंतीवर उंच टांगलेलं असायचं. लिपी तिकडची, इथे कुणाला ओ की ठो कळत नव्हतं. फोटोत गवतावर बसलेला एक खेळाडू, दोन्ही हातांनी चेहरा झाकलेला. विचारलं की काका सांगायचे, गोल मारल्यावर रडू आलं होतं. काचेवर पिठाचा जाड थर होता आणि तो ते कुणाला पुसू देत नसत.

आमच्या शाळेत मुलींचा फुटबॉल संघ निघाला तो माझ्या आगाऊपणामुळे. स्पर्धेचं पत्र आलं होतं आणि शिकवणारं कुणी नव्हतं. मी काकांना सहज विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते माझ्या आधी मैदानावर हजर. आठ महिने त्यांनी त्या मुलींना शिकवलं. पिवळं कार्ड तिथेही होतंच, पण मुलींना ते लाडाने मिळायचं. मुली त्यांच्यामागे इतक्या लागल्या की संध्याकाळी चक्कीवर दळणाला आया येईनाशा झाल्या, मुलीच डबे घेऊन येऊ लागल्या आणि डब्यांच्या रांगेतच पास कसा द्यायचा याच्या चर्चा होऊ लागल्या. काकूंनी मला एकदा हळूच सांगितलं की हा माणूस इतक्या वर्षांत पहिल्यांदा रात्रीच इस्त्री करून कपडे काढून ठेवतो.

अडचण आली ती तालुक्याच्या स्पर्धेच्या तोंडावर. संघाबरोबर मैदानात बसणाऱ्या प्रशिक्षकाचं नाव संस्थेने सहीनिशी कळवायचं होतं. संस्थेचे सचिव जिनिंगचे मालक होते. माणूस वाईट नव्हता, पण कापसाच्या धंद्यात मुरलेला. उद्या कुणी विचारलं की हे कोण, तर मी काय सांगू, मालदीवचा आचारी? असं त्यांनी मलाच विचारलं. कागद आणा, सही करतो, म्हणाले. तोवर चित्रकलेच्या सरांचं नाव घातलं.

अमडापूरच्या शाळेशी त्यांच्याच मैदानावर सराव सामना झाला तेव्हा चित्रकलेचे सर आत बसले आणि काका तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहिले. सर सज्जन होते. त्यांनी मुलींना एवढंच सांगितलं की भांडू नका आणि सगळ्या मिळून चेंडूमागे धावा. मुली खरोखरच सगळ्या मिळून धावल्या. आमची गोली सोडून दहाही जणी एका कोपऱ्यात आणि अमडापूरची एक मुलगी मोकळ्या मैदानातून निवांत चालत येऊन गोल करते, असं तीनदा झालं. मुली दर वेळी कुंपणाकडे बघायच्या. काका ओरडत होते, पण वाऱ्यावर काही पोचत नव्हतं. परतताना बसमध्ये ते सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन बसले.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी काका गिरणीचा पट्टा आणायला गावात गेले तेव्हा मी स्टुलावर चढून ती चौकट उतरवली, काच पुसली आणि मोबाइलने कात्रणाचा फोटो काढला. आजकाल मोबाइल कुठलीही भाषा मोडकीतोडकी उलगडून देतो. मला वाटलं, गोलाचं कौतुक असेल, सचिवांच्या टेबलावर ठेवू आणि मोकळं होऊ. मोबाइलने जे दिलं त्याचा अर्थ असा होता, अंतिम सामना, गोली पडलेला, समोर रिकामा गोल, भारतीय फॉरवर्ड दोन पावलांवर आणि चेंडू स्टेडियमच्या बाहेर. चषक गेला. त्यातलेच शब्द घालून शोधलं तर व्हिडिओसुद्धा सापडला. तिकडच्या टीव्हीवरचं जुनं चित्रण कुणीतरी हौसेने टाकलेलं, आणि लाखो लोकांनी ते पाहिलेलं. बारीक, दाट केसांचा, फाकल्या पायांचा एक तरुण रिकाम्या गोलासमोर येतो, चेंडू आकाशात मारतो आणि मटकन खाली बसून तोंड झाकतो.

मी स्टुलावर तशीच उभी. काकू आल्या, त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि पुसलेली काच पाहिली. त्यांना सगळं माहीत होतं. काका तिकडचं सोडून आल्यावर त्यांचं लग्न झालं. बघायला आले तेव्हाच त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. काकू म्हणाल्या, "म्हणे, बाकी सगळं चांगलं हाय, पण माह्या हातून एक गोल गेला हाय, तुम्ही विचार करून सांगा. माह्या बापाले वाटलं, कोर्टात केस गिस हाय. त्यानं चार ठिकाणी चौकशी केली." नवरा खेळताना मात्र काकूंनी कधीच पाहिला नव्हता. खामगावात कोण फुटबॉल खेळतंय?

काका आले, त्यांनीही काच पाहिली. मला वाटलं, आता लाल. पण ते पोत्यावर बसले. त्या गोलाचं त्यांनी मला जे सांगितलं ते मी विसरणार नाही. गोली पडला, बॉल पायाशी आला, समोर सगळं मोकळं. "त्या टायमाले मले एकच गोष्ट सुचली मॅडम, का हे मी घरी कसं सांगीन. माय कशी ऐकीन, गल्लीतले कसे ऐकतीन. बॉल मारायच्या आंधी मी खामगावले पोचलो होतो. अन् बॉल तिथीच राह्यला." कात्रण का ठेवलं विचारलं, तर म्हणाले, सात वर्षांत पेपरात फोटो एवढाच आला.

मी म्हटलं, हाच पुरावा आहे, सचिवांना दाखवू. त्यांनी साफ नाही म्हटलं. गाव आचारी म्हणतं तर म्हणू दे, आचाऱ्याला कुणी हसत नाही. त्यांचं चुकीचं नव्हतं. खामगावला हा व्हिडिओ मिळाला असता तर दर दळणाला तो लावला गेला असता. मी चौकट परत टांगली. नंतरच्या दोन दिवसांत त्या स्वच्छ काचेवर पीठ बसायला लागलं, आणि मलाच अपराधी वाटायला लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतः जिना चढून वर आले. म्हणाले, मोबाइल घ्या, सचिवाकडं चाला. मी विचारलं, नक्की ना? "पोट्ट्या माह्याकडं पाहून राह्यल्या होत्या," ते म्हणाले, "अन् मी तारेच्या बाहेर. एक डाव ते झालं. दुसऱ्या डावाले मी बाहेर नाही राहू शकत."

सचिवांनी व्हिडिओ तीनदा पाहिला. पहिल्यांदा गंभीरपणे, दुसऱ्यांदा ओठ दाबून आणि तिसऱ्यांदा कारकुनाला आणि वजनकाट्यावरच्या माणसालाही आत बोलावून. काका खिडकीतून सरकीच्या ढिगाकडे बघत उभे होते. हसून झाल्यावर सचिवांनी डोळे पुसले आणि म्हणाले, गोल चुकवणारा हा माणूस खराच मालदीवला खेळला यात शंका नाही, पण तो तुम्हीच कशावरून? याला केस आहेत, पोट नाही आणि ऐन वेळी तोंड झाकलेलं आहे. पारखून घ्यायची सचिवांची सवयच होती. ते म्हणाले, "गाडीभर कापूस मी कोणाच्या सांगण्यावर घेत नाही. मूठभर काढतो, धागा ओढून पाह्यतो. उद्या सकाळी ग्राउंडवर एकदा मारून दाखवा. असाच."

म्हणजे माणसाला आपण तोच हे सिद्ध करायला रिकामा गोल चुकवून दाखवायचा होता.

सकाळी मैदानावर सचिव खुर्ची टाकून बसले. मुली रांगेने उभ्या. गोलाला जाळी नव्हती, मागे कुंपणाची भिंत आणि भिंतीपलीकडे रस्ता. काकांनी चेंडू दोन पावलांवर ठेवला, मागे सरकले, आले आणि मारला. गोल. मुलींनी टाळ्या वाजवल्या, मी त्यांना डोळ्यांनी दटावलं. पुन्हा ठेवला. पुन्हा गोल. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम मान वर केली, पाय वाकडा घेतला, तरी चेंडू खांबाच्या आतल्या बाजूला लागून आत गेला. सचिव घड्याळ बघू लागले. काकांच्या कपाळावर घाम. माझ्याजवळ येऊन अगदी रडवेल्या आवाजात म्हणाले, मॅडम, हे मुद्दाम नाही होत हो. पाय ऐकत नाही.

सचिव खुर्चीतून उठले. मला त्यांचा राग आला आणि काकांचा त्याहून जास्त. आयुष्यात एकदाच उपयोगी पडणारी चूक या माणसाला जमू नये!

तेवढ्यात फाटकातून काकू आल्या. चक्की बंद करून तशाच आल्या होत्या, पदरावर पीठ. कुणी बोलावलं नव्हतं. त्या सरळ चालत जाऊन गोलाच्या बाजूला, खांबापाशी उभ्या राहिल्या आणि काकांकडे बघू लागल्या. काकांनी त्यांना पाहिलं. मी काकांचा चेहरा पाहत होते. सचिव, सही, स्पर्धा, सगळं त्यावरून पुसलं गेलं. त्यांनी शर्ट खाली ओढला, पोट आत घेतलं, केस नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला. चेंडू नीट जागेवर ठेवला. आता त्यांना चुकवायचा नव्हता. आता त्यांना जगातला सगळ्यात देखणा गोल मारायचा होता.

चेंडू खांबावरून, भिंतीवरून, रस्त्यापलीकडच्या बाभळीवरून गेला. काका मटकन खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

सचिवांनी खिशातून मोबाइल काढला, त्यात तो व्हिडिओ लावून बघितला, समोर बघितलं. "हाव," ते म्हणाले, "हाच हाय." आणि मांडीवर कागद ठेवून तिथल्या तिथे सही केली. मुली ओरडत काकांकडे धावल्या. त्यांना उठवलं, हलवलं, कागद दाखवला. काकांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. ते मुलींच्या गराड्यातून वाट काढत सचिवांपुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, एक डाव अजून मारू द्या," ते म्हणाले. "तिनं एकही गोल पाह्यला नाही."

चेंडू नव्हता. तो रस्त्यापलीकडे गेलेला. मुली हलायच्या आत सचिव स्वतः धोतर सावरत फाटकातून बाहेर गेले आणि काटे झटकत चेंडू काखेत घेऊन परत आले. काकांनी तो ठेवला. काकू खांबापाशी तशाच उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. काका बराच वेळ चेंडूकडे बघत राहिले, या वेळी कुठेही न जाता. मग मारला. चेंडू जमिनीलगत, अगदी साधा, सरळ गेला आणि खांबांच्या मधून जाऊन भिंतीला लागला.

काका जागचे हलले नाहीत. काकूंनी चेंडू उचलला, पदराने पुसला आणि त्यांच्यापर्यंत घेऊन आल्या.

"पाह्यला," त्या म्हणाल्या.